मागं वळून पाहणारं हरीण

ज्या हरणामुळं लोक मला ओळखतात, ते हरीण मला बरीच वर्षं सापडत नव्हतं. ही गोष्ट मी फारशी कुणाला कळू दिली नव्हती, कारण त्याच हरणाचा फोटो छापून मी लोकांना माळावर बोलावत होतो.

मी साखरखेर्ड्याचा सुधाकर फोटोवाला. उमर लग्नांचे फोटो काढण्यात गेली. पुढं ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला आणि स्टुडिओत पासपोर्ट फोटोवाले तेवढे उरले, तेही स्टुलावर टेकायच्या आधीच "झाला का?" विचारणारे. रिकामं बसणं मला जमत नाही. हा लेख लिहितानाही मी सारखा उठून अंगणात जातोय. निर्मला, म्हणजे माझी बायको, आत्ताच म्हणाली, "एक तं लिहा, नाही तं हिंडा. शाई वाळून राह्यली तिकडं."

तर स्टुडिओ थंडावल्यावर मी फोटोफेऱ्या सुरू केल्या. आमच्या तालुक्याच्या कडेला कळमखेडी नावाचं लहानसं गाव आहे आणि गावामागं मोठा बरड माळ. काळा सपाट खडक, मधून मधून मुरूम, सावलीला एक झाड नाही. उत्तरेला एकच टेकडी, उलट्या टोपल्यासारखी, दोन्ही बाजूंनी सारखी उतरती. त्या खडकावर कुणीतरी, फार पूर्वी, चित्रं टोचून ठेवली आहेत. वशिंडवाले बैल, हात धरून उभी असलेली माणसं, वाटीसारखे खळगे. किती जुनी, हे येणारा प्रत्येक जाणकार वेगळं सांगतो. मी 'फार' एवढंच म्हणतो आणि पुढं सरकतो.

पहिल्या फेरीच्या जाहिरातीत मी 'वऱ्हाडातलं वाळवंट' असं लिहिलं. शेगावला दर्शनाला आलेलं एक जोडपं ते वाचून आलं आणि उंट कुठं आहे विचारू लागलं. मी दूरवर चरणारी मेंढरं दाखवली. त्याच फेरीत दगड ओला केला की चित्र उठून दिसतं, हे मला कुणीतरी सांगितलेलं आठवलं. मी सगळ्यांच्या बाटल्या गोळा करून एका बैलावर ओतल्या. बैल खरंच दिसला. मग खडक वाळला, बैल गेला, आणि आम्ही सगळे घशाला कोरड पडलेल्या अवस्थेत गावाकडं निघालो. दुसऱ्या एका फेरीत मी खडकावरच्या लांब समांतर रेषांवर बराच वेळ बोललो. नदी असेल, पाऊस असेल, देवाचे केस असतील. तेव्हा शोभाताई सोबत होत्या. त्या आता गावच्या सरपंच आहेत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला बाजूला बोलावून म्हणाल्या, "भाऊ, थे आमच्या ट्रॅक्टरच्या पात्याचं हाय. मागच्या साली पोरानं इकडून घातला होता."

त्या दिवशी मी एक शिकलो. जुनं चित्र ओरखड्याचं नसतं. दगडावर दगड आपटून, बारीक बारीक टवके उडवून केलेलं असतं. आणि ते पाहायला पाणी लागत नाही, आडवा उजेड लागतो. नवरीच्या तोंडावर समोरून उजेड टाकला की ती उजळ दिसते, घरचे खूश. खडकावर वरून उजेड पडला की तो नुसता खडक. पण सूर्य अगदी खाली असला, उजेड जमिनीला घासत आला, की प्रत्येक टवक्याची आपली सावली पडते आणि चित्र जागं होतं. हा खेळ थोडाच वेळ चालतो. सूर्य कासराभर वर आला की संपलं.

म्हणून माझ्या फेऱ्या पहाटेच्या. झुंजूमुंजू व्हायच्या आत आम्ही माळाच्या पश्चिम कडेला, कच्चा रस्ता संपतो तिथं जमायचो. गाड्या लावायच्या, थर्मासमधला चहा घ्यायचा आणि पूर्वेच्या टोकाकडं चालत सुटायचं. मी पुढं, आणि माझं पालुपद, "चला, चला, उजेड थांबत नाही." मधल्या भागात ती हात धरलेली माणसं लागायची. कुणी रेंगाळलं तर मी म्हणायचो, "येताना पाहू." येताना सूर्य डोक्यावर असायचा आणि तिथं काहीच दिसायचं नाही. तरी पुढच्या फेरीला मी पुन्हा तेच म्हणायचो.

घाई असायची ती हरणाची.

त्याचा फोटो मी रोलच्या जमान्यात काढला होता. लग्नसराईत त्या माळाजवळून माझी सारखी ये-जा व्हायची. एकदा रोलच्या शेवटच्या दोन-तीन फ्रेम उरल्या होत्या. रोल धुवायला टाकायचा तर उरलेल्या फ्रेम कशावर तरी उडवून मोकळं व्हायचं, ही आम्हा सगळ्या फोटोवाल्यांची सवय. मी खडकावर दिसलं त्यावर क्लिक केलं आणि पुढच्या मांडवाकडं पळालो. लग्नाला जात होतो की परतत होतो, तेही आठवत नाही. डार्करूममध्ये फोटो पाण्यातून वर आला तेव्हा मात्र मी जागचा हललो नाही, आणि हे माझ्या बाबतीत नवलाचं आहे. धावता धावता मान वळवून मागं पाहणारं हरीण. मागं कोण लागलंय ते दिसत नाही. हरणाला दिसतंय.

तो फोटो मी कॅलेंडरवर छापला आणि कळमखेडीत घरोघरी वाटला. गावानं ते हरीण आपलं मानलं. शाळेच्या भिंतीवर ते रंगवलं गेलं, बचत गटाच्या पापडाच्या पाकिटावर आलं. मला मात्र मूळ हरीण पुन्हा दिसलं नाही. निगेटिव्ह असत्या तर बारकाईनं पाहिलं असतं, पण स्टुडिओ आवरताना ती सगळी पेटी भंगारात गेली. हाती उरला तो फोटो. फोटोत टेकडी डाव्या हाताला आणि उजेड उजवीकडून. मी हिशोब केला. टेकडी उत्तरेला, म्हणजे माझं तोंड उत्तरेला. उजवीकडून उजेड, म्हणजे सकाळ. टेकडी डावीकडं, म्हणजे मी तिच्या पूर्वेला. असा सरळ हिशोब. तेव्हापासून दर फेरीत लोक बैल टिपत असायचे आणि मी पूर्वेच्या टोकाला मान खाली घालून, चप्पल हरवल्यासारखा फिरत असायचो. कुणी विचारलं तर म्हणायचो, "आज उजेड बरोबर नाही."

निर्मला म्हणायची, "तुमचं हरीण पयालं. मान वळवून तुमाले पाह्यलं अन् पयालं."

इथं जुन्या धंद्यातली एक फजिती सांगून टाकतो. निगेटिव्हला दोन बाजू असतात, एक चकचकीत आणि एक मंद. फोटो छापताना ती उलटी बसली की डावं-उजवं होतं, आरशातल्यासारखं. एकदा मलकापूरकडच्या एका लग्नाची मोठी फ्रेम मी अशीच छापून दिली. मुलाची आई ती फ्रेम पोत्यात गुंडाळून परत घेऊन आली. म्हणाली, "आमची सून डाव्या नाकात नथ घालते. ही बाई कोन हाय?" नवऱ्याच्या शर्टाचा खिसाही उजवीकडं गेलेला. तेव्हापासून मी छापायच्या आधी नथ, खिसा, घड्याळ पाहायचो. माणूस असला की चूक सापडते.

आता मुख्य गोष्ट. गावात खडीक्रशरवाला आला. त्याला खडक फोडायला माळाचा एक भाग हवा होता. गावाला रस्ता हवा होता, पोरांना काम हवं होतं. वाईट कुणीच नव्हतं. शोभाताईंनी ग्रामसभेत मोठी खटपट करून सगळ्यांकडून कबूल करून घेतलं की ज्या अंगाला हरीण आहे ते अंग सोडायचं आणि दुसरं द्यायचं. हरणाचं नाव निघालं की कुणी नाही म्हणत नव्हतं. मग त्या मला म्हणाल्या, "भाऊ, हरीण कोन्या अंगाले हाय?"

"पूर्वेला," मी म्हणालो. वर "डोळे मिटून सांगतो" असंही म्हणालो.

पश्चिमेचा भाग द्यायचं ठरलं. परवानगीआधीच्या पाहणीला एक सरकारी अधिकारी येणार होते. शोभाताईंनी त्याच दिवशी माझी फेरी ठेवली, चार माणसं बाहेरून येतात हे साहेबांना दिसावं म्हणून. साहेब सज्जन होते, पण त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. "फोटो कुठलाही असू शकतो. मी जे पाहीन ते लिहीन. हरीण दाखवा, मी त्याला धरून चुन्याची फक्की मारतो. नाही दिसलं, तर हा सगळा माळ माझ्या लेखी सारखाच."

पाहणीचा दिवस आला. पहाटे मोटारसायकल नेहमीच्या जागी लावली आणि चहा न घेताच चालायला लागलो. "चला, चला." साहेब मागं, शोभाताई त्यांच्या मागं, आणि फेरीला आलेली मंडळी. त्यात मलकापूरच्या वंदनाताई होत्या, कापसाच्या व्यापाऱ्याच्या घरातल्या, वयानं माझ्याएवढ्या. त्यांना सेल्फीची भारी हौस. माझ्या फेरीत सेल्फी बंद असते, हे मी त्यांना गाडीतून उतरताच सांगितलं होतं. त्या "हाव" म्हणाल्या होत्या.

सूर्य वर आला. बैल उठले, खळगे उठले. मी खडकामागून खडक पाहत होतो. साहेब घड्याळाकडं पाहत नव्हते, हे त्यांचे उपकार, पण शोभाताई माझ्याकडं पाहत होत्या. सावल्या आखूड व्हायला लागल्या. "जरा पुढं असेल," मी म्हणालो. मग म्हणालो, "नाही, मागं राहिलं." घामानं चष्मा नाकावरून घसरत होता.

तेवढ्यात वंदनाताईंनी माझ्या पिशवीतला हरणाचा फोटो काढला, गालाशी धरला आणि मोबाईल समोर केला. पाठीमागं टेकडी.

"ताई, काय सांगितलं होतं मी," मी ओरडतच त्यांच्या खांद्यामागं जाऊन पोचलो.

"खरं हरीण नाही दिसत तं फोटोतल्यासंगं काढून राह्यली. काऊन तुमाले तरास?"

मी मोबाईल खाली करायला हात पुढं केला आणि तसाच राहिलो. मोबाईलच्या पडद्यावर आरशासारखं सगळं उलटं दिसतं. वंदनाताईंनी नथ घातली होती, ती पडद्यावर भलत्या बाजूला होती. आणि त्यांच्या गालाशी माझं हरीण दुसरीकडं तोंड करून धावत होतं. फोटोतली टेकडी उजव्या हाताला. उजेड डावीकडून.

माणूस असला की नथ सांगते, खिसा सांगतो. दगडाला खिसा नसतो.

मी निगेटिव्ह उलटी बसवली होती. टेकडी दोन्ही बाजूंनी सारखी, म्हणून तिनंही चुगली केली नाही. डावीकडून उजेड, म्हणजे संध्याकाळ. टेकडी उजवीकडं, म्हणजे मी तिच्या पश्चिमेला. इतकी वर्षं मी चुकीच्या टोकाला चुकीच्या वेळी जात होतो, आणि जाताना लोकांना घाई करत होतो.

आणि पश्चिमेचं टोक माझ्या शब्दावर क्रशरला द्यायचं ठरलं होतं.

गप्प बसता आलं असतं. बैल दाखवून म्हणता आलं असतं की हेच हरीण, शिंगं झिजली. साहेबांना काय कळणार. तो विचार माझ्या मनात आला, आणि बराच वेळ रेंगाळला. मग मी शोभाताईंना म्हणालो, "ताई, माझा फोटो उलटा आहे. हरीण तिकडं आहे."

"तिकडं कुठी?"

"पश्चिमेला."

त्यांनी साहेबांकडं एकदा पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, म्हणजे साहेबांना ऐकू जाऊ नये इतक्याच हळू, "भाऊ, मी एकेकाच्या दारात जाऊन हे कबूल करून घेतलं. तुमच्या नावानं. तुमी डोळे मिटून सांगतो म्हनले होते."

"मिटूनच सांगितलं, ताई."

त्या हसल्या नाहीत.

साहेबांना मी नथीपासून सगळं सांगितलं. त्यांनी फोटो हातात घेतला, फिरवला, उजेडात धरून मागून पाहिला. म्हणाले, "म्हणजे संध्याकाळपर्यंत थांबायचं?"

"उजेड तेव्हाच येईल, साहेब."

"तुम्ही तर म्हणता उजेड थांबत नाही."

"तो नाही थांबत. आपल्याला थांबावं लागेल."

दुपार शोभाताईंच्या ओसरीवर गेली. पिठलं, ज्वारीची भाकर, ठेचा. साहेब जेवून भिंतीला टेकले आणि चक्क झोपले. वंदनाताई शोभाताईंच्या सासूबाईंबरोबर सेल्फी काढत बसल्या, आता त्यांना अडवायला माझ्याकडं तोंड नव्हतं. मी ओसरीवरून अंगणात, अंगणातून रस्त्यावर, रस्त्यावरून परत ओसरीवर. बातमी गावात पसरली होती. एकजण सायकलवरून उतरून म्हणाला, "काऊन बे सुधाकरभाऊ, हरीण बदली झालं म्हने?" क्रशरवाल्याचा माणूसही येऊन गेला. पश्चिमेच्या कडेला सुरुंगासाठी चाचणीची भोकं पाडून झाली होती, हे त्यानं सहज सांगावं तसं सांगितलं. त्यानंतर मला बसवेचना.

शोभाताई भांडी आवरून बाहेर आल्या. "भाऊ, आज नाही सापडलं तं?"

मी पुन्हा रस्त्यावर जाऊन सूर्य किती उतरला ते पाहून आलो.

ऊन उतरायला लागल्यावर आम्ही निघालो. या वेळी मी पुढं नव्हतो. सगळ्यांना एका ओळीत, हातभर अंतरानं उभं केलं आणि म्हणालो, "सावकाश. पायाखालचं पाहा." भोकं पाडलेल्या जागेपासून सुरुवात केली. खडक, मुरूम, खडक. सूर्य टेकायला आला. उजेड जमिनीला घासू लागला आणि एकेक खडक खरबरीत होत गेला. एक खळगा दिसला. एक अर्धवट बैल. हरीण नाही. ओळ कच्च्या रस्त्यापर्यंत आली, म्हणजे माळ संपला. सगळे थांबले. साहेबांनी चुन्याची पिशवी खाली ठेवली.

वंदनाताई म्हणाल्या, "सुधाकरभाऊ, तुमची गाडी जरा काढा बरं. थिच्याखाली काई तरी हाय."

माझी मोटारसायकल नेहमीच्या जागी उभी होती. कडेचा तो एकच सपाट खडक. मुरमात स्टँड रुततो, म्हणून पहिल्या फेरीपासून मी गाडी तिथंच लावत आलो. अंधारात यायचं, लावायची, आणि चला, चला. परत यायचो तेव्हा ऊन डोक्यावर.

मी गाडी ढकलली. चाकाखालून आधी एक पाय निघाला. मग पोट, मग लांब मान. मान मागं वळलेली. हरीण माझ्या कॅलेंडरच्या उलट्या दिशेला धावत होतं आणि वळून आमच्याकडं पाहत होतं.

साहेब उकिडवे बसले आणि हात न लावता बोटानं हवेत त्याची पाठ काढली. शोभाताईंनी पदर तोंडाला लावला, हसण्यासाठी की कशासाठी, ते मी पाहिलं नाही. मग म्हणाल्या, "भाऊ, इतके साल तुमी याच्यावर बसून चहा पेले."

साहेबांनी फक्की मारली.

पुन्हा ग्रामसभा झाली. शोभाताई पुन्हा दारोदार फिरल्या, या वेळी मी त्यांच्या मागं, खाली मान घालून. दोन्ही टोकं सोडायची आणि मधला पट्टा क्रशरला द्यायचा असं ठरलं. गावाला रस्ता झाला, चांगला झाला, माझी गाडी आता त्यावरूनच येते. पण मधल्या पट्ट्यात ती हात धरून उभी असलेली माणसं होती. येताना पाहू, असं मी ज्यांच्याबद्दल म्हणायचो ती. त्या पट्ट्याची फक्की पडल्यावर मी संध्याकाळी जाऊन त्यांचे फोटो काढले. भरपूर काढले, बाजू तपासून तपासून. ते माझ्याकडं आहेत. माणसं नाहीत.

शोभाताईंच्या सासूबाईंनी खरं हरीण एकदा येऊन पाहिलं. त्यांचं मत असं पडलं की कॅलेंडरवरचंच बरोबर आहे, दगडावरचं उलटं झालंय. पापडाच्या पाकिटावर अजून माझंच उलटं हरीण धावतं. बदलू नका म्हणाले सगळे, ओळख पडली आहे.

आता फेरी संध्याकाळची असते आणि हरणापासून सुरू होते. गाड्या गावात लावायच्या, सेल्फीला परवानगी आहे. हरणाच्या मागच्या खुरापाशी एक काळा गोल डाग आहे. इंजिनच्या तेलाचा. पुसायचा नाही असं जाणकारांनी बजावलंय, घासलं तर टवकेही जातील. त्यामुळं तो राहणार. दर फेरीत कुणी ना कुणी त्या डागावर वाकतं आणि विचारतं, "काका, आणि हे किती जुनं?"

मी सांगतो, "ते माझं आहे." मग सगळ्यांचे फोटो काढून होईपर्यंत तिथंच उभा राहतो.